आमचे डूड आणि त्यांची पांढरी पँट

माझा नवरा रंगारी आहे आणि तो पांढरे कपडे घालून कामाला जातो. एवढं ऐकूनच बायका माझ्याकडे दयेनं बघतात. रंगाऱ्याचे कपडे कसे असतात हे कुणाला सांगायला नको. मूळ कापड कुठल्या रंगाचं होतं हे शिवणाऱ्या शिंप्यालाही ओळखता येणार नाही, असे. आमच्याकडे उलटा कारभार. पांढरा शर्ट, पांढरी पँट, दोन्हींना कडक इस्त्री आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. अशा थाटात हा माणूस सकाळी बादली, ब्रश आणि खांद्यावर शिडी घेऊन निघतो आणि संध्याकाळी जसाच्या तसा परत येतो. कपडे धुते मी. तेव्हा त्या कपड्यांविषयी बोलायचा अधिकार माझ्याइतका दुसऱ्या कुणाला नाही, आणि मी बोलणार आहे.

त्यांना सगळे डूड म्हणतात. वाणी, पोस्टमन, समोरची शिकवणीवाली बाई, झाडून सगळे. त्यांच्या आईवडिलांनी हौसेनं ठेवलेलं नाव आता फक्त बँकेला माहीत आहे. मी समोर ‘अहो’ म्हणते आणि माघारी ‘आमचे डूड’. सुरुवातीला चेष्टेनं म्हणायचे. मग चेष्टा कुठे गेली कळलंच नाही आणि नाव तेवढं राहिलं.

ते नाव पडलं एका विद्यार्थी वसतिगृहात. आमची मुलगी तेव्हा रांगत होती. वसतिगृहाच्या खोल्या रंगवायचं काम यांना मिळालं आणि पहिल्याच दिवशी हे इस्त्रीचे कपडे घालून हजर झाले. तिथली मुलं एकमेकांना उठताबसता डूड म्हणायची. डूड, साबण दे. डूड, माझी चादर कुठाय. पांढऱ्या कपड्यांतला रंगारी बघून त्यांना करमणूक सापडली. त्यांनी पैज लावली. संध्याकाळपर्यंत या माणसाच्या अंगावर डाग पडला नाही, तर पैज हरणाऱ्यांनी महिनाभर सगळ्या खोल्या झाडायच्या. परीक्षा तोंडावर आलेली असताना ती पोरं दारात घोळका करून यांचे हात बघत बसली. यांनी छत केलं, भिंती केल्या, खिडकीच्या चौकटी केल्या आणि शिडीवरून उतरून हात धुतले. अंगावर शिंतोडाही नव्हता. तेव्हा एक लांब केसांचा मुलगा पुढे आला आणि म्हणाला, “मानलं तुला, डूड.”

घरी आल्यावर हे मला ती गोष्ट सांगत होते तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. तोवर गिऱ्हाइकांनी त्यांना ‘ए रंगवाल्या’ म्हटलं होतं, फार तर ‘अहो पेंटर’. कुणी मानलं बिनलं नव्हतं. मी विचारलं, पण डूड म्हणजे काय हो? ते म्हणाले, म्हणजे ज्याचं काम स्वच्छ असतं असा माणूस. कुणी सांगितलं? कुणी सांगायला कशाला पाहिजे, ते म्हणाले, त्या मुलानं कशावरून म्हटलं ते मी बघितलं ना. विषय संपला. हत्यारांच्या पेटीच्या झाकणावर त्यांनी निळ्या रंगात सुबक अक्षरं काढली, ‘डूड, रंगकाम’, आणि त्या दिवसापासून तेच त्यांचं दुकान, तीच पाटी.

त्याच सुमारास त्यांनी स्वतःला एक शिस्त लावून घेतली. काम संपलं की खोली झाडून घ्यायची, मग घरमालकाला बोलवायचं आणि खोलीच्या मधोमध उभं राहून, हात थोडे लांब करून, सावकाश एक गिरकी घ्यायची. “बघून घ्या,” ते म्हणायचे, “माझ्या अंगावर एक थेंब दिसला तर भिंत पुन्हा मारून देईन.” त्यांचा हिशोब असा, की थेंब उडतो तो घाईनं. घाईत काम करणारा माणूस ब्रश बदाबदा बुडवतो, लांबी वाळायच्या आत रंग फासतो, आणि असल्या भिंतीचे पापुद्रे वर्षाच्या आत निघतात. म्हणून भिंत कशी झाली ते रंगाऱ्याच्या पँटीवर बघावं. ही लांबी म्हणजे भिंतीच्या भेगा बुजवायचा तो लगदा, हे मला त्यांच्याशी लग्न झाल्यावर कळलं. एरवी मीसुद्धा तुमच्यासारखीच होते.

आता यात तथ्य किती आणि नाटक किती, यावर मी काही बोलत नाही. गिऱ्हाइकांना मात्र ती गिरकी फार आवडायची. शेजाऱ्यांना बोलावून आणायचे लोक. एका घरी तर लग्नाचा फोटोग्राफर आला होता, त्यानं नवरानवरी सोडून यांचे फोटो काढले. कामं त्या गिरकीवर मिळत गेली, मुलीचं शिक्षण झालं, घर झालं. यांनी कुठे जाहिरात केली नाही की कुणाच्या पाया पडले नाहीत. लोक म्हणायचे, डूडच्या कपड्यांवर डाग नसतो. बरोबर आहे. पण भिंत घासताना उडणारी पांढरी धूळ, शिडीचा गंज आणि घामानं पिवळी पडलेली कॉलर यांचं काय? ते काय आपोआप निघतं? निळीच्या पाण्यात हात घालून घालून माझी नखं कायमची निळसर झाली, ती गिरकी कुणी बघितली नाही. हे मी त्यांना ऐकवते. ते शांतपणे ऐकतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पांढरे कपडे काढून ठेवतात. सुंभ जळेल, पण पीळ जायचा नाही.

गेल्या वर्षी धुण्यात पँटी वाढल्या.

एका दिवसाला एक पँट हा आमच्या घरचा नियम. एका संध्याकाळी त्यांची पिशवी झटकायला घेतली तर तळाशी गुंडाळी करून खुपसलेली दुसरी पांढरी पँट निघाली. उलगडून बघितली. गुडघ्यावर आणि मांडीवर फिकट हिरव्या रंगाचे थेंब. एक असो की पाच, माझ्या दृष्टीनं ते असणंच अघटित होतं. वरून थिनरचा वास येत होता, म्हणजे डाग पुसायचा प्रयत्न झालेला. फिकट हिरवा रंग त्या आठवड्यात एकाच घरी चालला होता. मागच्या गल्लीत एक नर्स राहतात, त्यांना सगळे सिस्टर म्हणतात, त्यांच्या झोपायच्या खोलीत. आणि तासाभरापूर्वीच सिस्टर मला भाजीवाल्याकडे भेटल्या होत्या आणि कौतुकानं सांगत होत्या, काय सुरेख गिरकी घेतली हो तुमच्या डूडनी, एक ठिपका नव्हता अंगावर.

मी ती पँट हातात धरून न्हाणीघरात उभी राहिले. हळूहळू बाकीचं लक्षात यायला लागलं. चहा अर्धा कपच दे, असं ते हल्ली म्हणायचे. मला वाटलं साखर कमी करतायत. शर्टाची बटणं लावायला वेळ लागायचा. मला वाटलं आरशात बघत रेंगाळतात, तशी ती खोड जुनीच. सही करताना पेन दोनदा ठेवून पुन्हा उचलायचे. त्यांचा उजवा हात कापत होता, आणि काखेत कळसा घेऊन मी गावभर फिरत होते.

राग आला. हात कापतो याचा नाही, माझ्यापासून लपवलं याचा. आणि त्याहून जास्त राग त्या बदललेल्या पँटीचा. थेंब पडल्यावर हा माणूस गिऱ्हाइकाच्या न्हाणीघरात जाऊन कोरी पँट चढवून आला होता आणि मग ऐटीत गोल फिरला होता. ज्या माणसानं भाजीवाल्याकडे चुकून जास्त आलेली कोथिंबीर परत नेऊन दिली होती, त्यानं. मी तो डाग घासला, पँट वाळत घातली आणि घडी करून कपाटात ठेवली. त्यांनी ती घडी बघितली. मी त्यांना बघताना बघितलं. पुढे कित्येक आठवडे दुसरी पँट गुपचूप पिशवीत जात होती आणि गुपचूप धुण्यात येत होती, आणि आम्ही जेवताना लाइट बिलाबद्दल बोलत होतो.

अशात रंगाच्या दुकानाच्या मालकानं घोळ घातला. हा मालक यांचा जुना दोस्त. सगळे त्याला भाऊ म्हणतात. चेष्टा केल्याशिवाय त्याला डबा उघडता येत नाही. त्याला मोबाइलवर कुणीतरी पाठवलं होतं, की डूड या शब्दाचा खरा अर्थ म्हणजे हत्तीच्या ढुंगणावरचा केस. भाऊनं ते दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं वाचून दाखवलं आणि यांना म्हणाला, इतकी वर्षं पेटीवर लिहून हिंडतोयस, जरा हत्तीला तरी विचारायचं.

यांनी घरी येऊन मला हे सांगितलं तेव्हा मी हसता हसता खाली बसले. डोळ्यांतून पाणी आलं. पदरानं डोळे पुसून वर बघते तर हे हसत नव्हते. खुर्चीच्या कडेवर बसून बुटांकडे बघत होते.

“खरं असेल का गं ते?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, हत्तीच्या केसासाठी कोण वेगळा शब्द काढायला बसलंय, माणसांना कामधंदे नाहीत काय. पण त्यांचं समाधान झालं नाही. म्हणाले, जावयाला विचार. त्याला माहीत असेल.

आमचे जावई कॉलेजात इंग्रजी शिकवतात. जावई म्हणजे दहावा ग्रह असं म्हणतात. आमचा ग्रह फार सौम्य आहे, फक्त त्याला काही विचारलं की पूर्ण प्रदक्षिणा घातल्याशिवाय थांबत नाही. मीठ कमी आहे का असं विचारलं तरी हा मुलगा आधी मीठ कशाला म्हणावं ते ठरवेल. मुलीनं त्यालाच का पसंत केलं हे मला पहिल्या वर्षी कळलं नव्हतं. आता कळतं. त्यानं सांगितलेली गोष्ट पक्की असते. मी फोनवर विचारलं तर म्हणाला, आई, रविवारी जेवायला येतोच आहोत, तोवर नीट बघून ठेवतो.

रविवारी जेवणं होत आली तशी त्यानं घसा साफ केला. हत्तीची गोष्ट साफ खोटी, पहिल्यांदा त्यानं तेच सांगितलं. कुणीतरी थट्टेत उठवून दिली आणि लोक एकमेकांना पाठवत राहिले. यांनी मान हलवली, आणि मला वाटलं सुटलो. पण प्रदक्षिणा आत्ता कुठे सुरू झाली होती.

जावई म्हणाला, शब्द कुठून आला हे छातीठोकपणे कुणालाच सांगता येत नाही. डूडल नावाचा एक जुना शब्द आहे, त्याचा अर्थ बावळट, त्याचं शेपूट कापून डूड झालं असावं असं बऱ्याच जाणकारांना वाटतं. जुन्या बोलीत कपड्यांना डड्स म्हणायचे, त्याच्याशीही काहींनी नातं जोडलंय. पण शब्द पसरला केव्हा ते मात्र माहीत आहे. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये काही श्रीमंत तरुण पायाला घट्ट पँटी, गळ्यापर्यंत कॉलर आणि हातात छडी अशा थाटात फिरायचे. वर्तमानपत्रांनी त्यांची टर उडवली आणि डूड म्हणजे नटवा, छानछोकीचा माणूस असा अर्थ झाला. कपड्यांपलीकडे ज्याच्यात काही नाही असा.

मुलगी म्हणाली, म्हणजे बाबा अर्धे तरी बसतात त्यात. मी पण हसले. हेही थोडं हसले.

मग शब्द पश्चिमेला गेला, जावई सांगत होता. तिकडे गुरांची मोठमोठी कुरणं. शहरातली माणसं हौस म्हणून पैसे देऊन तिथे राहायला यायची. नवे कोरे कपडे, चकचकीत बूट. घोड्यावर बसायचं, दोर फेकल्यासारखं करायचं, फोटो काढायचा. खरं काम करणारे गुराखी बाजूला उभे राहून बघायचे आणि आपसात म्हणायचे, बघा, डूड आलाय. काम करतोय असं दाखवणारा, पण कपड्याला धूळ न लागू देणारा माणूस.

जावयाच्या बोलण्यात यापुढेही बरंच होतं, आणि ते चांगलं होतं. ज्यांना कुणी मान देत नव्हतं अशा काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या पोरांनी पुढे झोकदार कपडे घालून हाच शब्द एकमेकांना प्रेमानं लावला, त्यांच्याकडून तो समुद्रावर लाटांशी खेळणाऱ्यांकडे गेला, आणि घासत घासत आज त्याचा अर्थ नुसता ‘मित्रा’ एवढाच उरला. बायकासुद्धा एकमेकींना म्हणतात. वसतिगृहातली मुलं तेच म्हणत होती. हे सगळं त्या बिचाऱ्यानं मनापासून सांगितलं. पण आमच्या डूडनी ऐकणं केव्हाच थांबवलं होतं. खाई त्याला खवखवे. त्यांचा घास ताटातच राहिला होता.

“मधलं जे सांगितलंत ना,” ते म्हणाले, “कपड्याला धूळ न लागू देणारा. ते बरोबर आहे. तो मीच.”

जावई गोंधळून म्हणाला, बाबा, मी तुमच्याबद्दल नव्हतो बोलत. तेव्हा यांनी आपला उजवा हात उचलून टेबलाच्या वर धरला. बोटं हलत होती. झाडाचं पान हलतं तेवढीच, पण थांबत नव्हती. मुलीनं पाण्याचा पेला खाली ठेवला.

मग त्यांनी सगळं सांगितलं. थेंब केव्हापासून पडायला लागले, दुसरी पँट केव्हापासून न्यायला लागले, सिस्टरांच्या न्हाणीघरात कडी लावून कपडे बदलताना आरशात कसं बघवलं नाही. सांगताना त्यांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही, कारण मला माहीत होतं हे त्यांना माहीत होतं. मुलगी रडायला लागली आणि म्हणाली, बाबा, आता बास करा. घरी बसा. आम्ही आहोत ना.

“घरी बसायला माझी ना नाही,” ते म्हणाले. “पण असा नाही बसणार. थेंब पडला तर भिंत पुन्हा, हा मी दिलेला शब्द आहे. तो मोडला तर इतकी वर्षं मी फक्त गोल फिरलो असं होईल. आणि पाळायचा म्हटला तर हा हात घेऊन मी एकच खोली जन्मभर रंगवत बसेन.”

जावयानंसुद्धा यावर उत्तर शोधण्याचा आव आणला नाही, म्हणून तो मला त्या दिवशी फार आवडला. शेवटी मीच म्हटलं, आधी सिस्टरांकडे जाऊ. ते म्हणाले, जाऊ म्हणजे? मी म्हटलं, मी येते. तुमचा हात धरायला नाही येत, मला बघायचंय तुम्ही दिवसभर करता काय. खरंच सांगते, इतक्या वर्षांत मी त्यांना काम करताना कधी बघितलंच नव्हतं. मी फक्त कपडे बघितले होते.

सिस्टरांची रात्रपाळी संपून त्यांची झोप झाली त्या दुपारी आम्ही गेलो. हे दारातच उभे राहून म्हणाले, “सिस्टर, त्या दिवशी मी पँट बदलून तुमच्यासमोर फिरलो. डाग पडले होते. भिंत पुन्हा मारून द्यायला आलोय.” एका दमात म्हणाले. मग घाम पुसला.

सिस्टर हसल्या नाहीत की रागावल्याही नाहीत. त्यांनी आधी यांचा हात आपल्या हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, बोटं ताठ करायला सांगितली. केव्हापासून, विचारलं. कुठल्या डॉक्टरकडे गेलात, विचारलं. कुठल्याच नाही म्हटल्यावर मात्र रागावल्या, आणि त्या रागात एका डॉक्टरांचं नाव कागदावर लिहून माझ्या हातात कोंबलं, यांच्या नाही. भिंतीला काहीही झालेलं नाही, त्या म्हणाल्या. पण हे ऐकेनात. भिंत पुन्हा म्हणजे पुन्हा.

सामान बाजूला सरकवलं, जुन्या चादरी अंथरल्या. मी कोपऱ्यात स्टुलावर बसले. सिस्टर चहाचा कप घेऊन दारात टेकल्या. यांनी बादली शिडीला अडकवली, ब्रश बुडवला, बादलीच्या कडेला दोन्ही बाजूंनी निथळून घेतला आणि उचलला. उचलताच हात हलला आणि पहिला थेंब गुडघ्यावर पडला. मी तिथून ओरडणारच होते, राहू द्या, चला घरी.

पण मग ब्रश भिंतीला टेकला, आणि हात थांबला. खरोखर थांबला. भिंतीनं त्याला धरून ठेवल्यासारखा. छताच्या कडेनं ब्रश निघाला तो या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सरळ गेला, कुठे वर चढला नाही की खाली घसरला नाही. तोंडानं ते हळू काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं मंत्र वगैरे. नीट ऐकलं तर भिंतीला सांगत होते, हां, आता इकडे, बास, बास. घरी माझ्याशी इतक्या मायेनं बोलल्याचं मला आठवत नाही. पुन्हा बादलीकडे हात वळला की कापायचा, थेंब पडायचा. पुन्हा भिंतीला टेकला की स्थिर. सगळे थेंब त्या मधल्या वाटेत पडत होते. भिंत होत होती ती नेहमीसारखीच होत होती.

हे माझ्या लक्षात आलं तेव्हाच सिस्टरांच्याही आलं असावं, कारण त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि भुवया उडवल्या. आधार मिळाला की काहींचा हात असा थांबतो, त्या मला हळूच म्हणाल्या, तरी डॉक्टरांना दाखवाच. पुढे दाखवलंही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, थोडा फरक पडला, पुरता नाही. वयाबरोबर वाढेल म्हणाले, पण इतक्यात काम सोडायचं कारण नाही असंही म्हणाले. पण ते नंतर. त्या दुपारी डॉक्टर नव्हते, फक्त ती भिंत होती आणि माझ्या डोळ्यांदेखत ती एकसारखी हिरवी होत चालली होती.

संपलं तेव्हा खिडकीतून तिरपं ऊन आत आलं होतं. हे खाली उतरले. दोन्ही गुडघे, मांडी, शर्टाची बाही, एका बुटाचं टोक, सगळीकडे ठिपके. खोली झाडून घेतली, चादरी गोळा केल्या आणि सवयीनं खोलीच्या मधोमध जाऊन उभे राहिले. हात लांब केले आणि तसेच थांबले. आता काय दाखवायचं हे त्यांना कळेना. मान खाली गेली. मला ते बघवेना.

“अहो डूड,” सिस्टर दारातून म्हणाल्या, “जरा बाजूला सरका. मध्ये उभे राहिलात तर मला भिंत कशी दिसणार?”

ते सरकले. सिस्टर आत आल्या, भिंतीजवळ गेल्या, डोकं तिरकं करून उन्हात बघितलं, मग लांबून बघितलं. म्हणाल्या, आधीही चांगली होती, आता दुप्पट चांगली आहे, फुकटात. आणि मग आमचे डूडही वळले आणि भिंतीकडे बघायला लागले. मला वाटतं, काम संपल्यावर भिंतीकडे बघायची त्यांची ती पहिलीच वेळ असावी. एरवी त्या क्षणी ते गिऱ्हाइकाकडे बघत असायचे. बराच वेळ बघत राहिले आणि दुसऱ्या कुणाचं तरी काम तपासत असल्यासारखे म्हणाले, “चांगली झालीय.” हा माणूस कामात इतका चांगला आहे हे मला लोकांकडून माहीत होतं. डोळ्यांनी बघणं वेगळं.

निघताना मी त्यांच्या पिशवीकडे बघितलं. दुसरी पँट तळाशी होती, सकाळी त्यांनीच ठेवली होती. सिस्टरांचं न्हाणीघर दोन पावलांवर होतं. त्यांनी पिशवी उचलली, खांद्याला लावली, शिडी घेतली आणि तसेच जिना उतरले.

आमचं घर तिथून लांब नाही, पण वाट बाजारातून जाते आणि संध्याकाळी सगळं जग बाहेर असतं. शिकवणीवाल्या बाईनं नमस्कार करायला उचललेला हात अर्ध्यावर थांबवला. वाण्यानं तराजूवरून वर बघितलं. मी त्यांच्या शेजारून चालत होते आणि मला भांडणाची खुमखुमी आली होती. कुणी एक शब्द बोलू दे, मग बघते. भाऊ दुकानाच्या पायरीवर उभा होता. त्यानं यांना नखशिखांत न्याहाळलं, त्याचं तोंड उघडलं, आणि आता हत्ती निघणार म्हणून मी पदर खोचला. पण त्याची नजर यांच्या हातावर गेली. शिडी धरलेला हात कापत होता आणि शिडी खुळखुळत होती. भाऊ पायरी उतरून आला आणि शिडीचं दुसरं टोक त्यानं आपल्या खांद्यावर घेतलं. घराच्या दारापर्यंत आला. जाताना फक्त म्हणाला, उद्या कुठे काम आहे? यांनी सांगितलं. येतो सकाळी, शिडी पोहोचवायला, तो म्हणाला.

घरात आल्यावर मी बादलीत पाणी घेतलं, निळीचा डबा काढला आणि हात पुढे केला, द्या ती पँट, वाळायच्या आत भिजत घालते. रंगाचा डाग एकदा वाळला की जन्मात निघत नाही, हे मला या घरात सगळ्यांपेक्षा जास्त माहीत आहे. ते खुर्चीवर बसून बूट काढत होते.

“राहू दे,” ते म्हणाले. “उद्या हीच घालून जातो.”

मी निळीचा डबा झाकण लावून परत फडताळात ठेवला. लग्नापासून या माणसानं मला कपड्यांतून दिलेली ती पहिली सुट्टी. मी त्यांच्या शेजारी बसले आणि मला रडू आलं, आणि मी ते आवरलं नाही.